घाटात गाडी ओढत नाही

प्रश्न : माझ्याकडे २०१६ची थंडरबर्ड ३५० बाइक आहे. बायको मागे बसली की पसरणी घाटात गाडी दम टाकते. पंधरा हजारांत फ्री-फ्लो (धूर मोकळा सोडणारा) सायलेन्सर आणि मोकळा एअर फिल्टर बसवू का? (एक वाचक, वाई)

उत्तर : दादा, घाई करू नका. ही ३४६ सीसीची, कार्ब्युरेटरवाली (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) गाडी. हवा वाढवली आणि जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) तोच ठेवला, तर पेट्रोल कमी पडतं आणि चढावर इंजिन जास्तच तापतं. आवाज वाढेल, ओढ नाही. दंडाची पावती फाटेल ती वेगळीच.

आधी स्पार्क प्लग काढून बघा. टोक तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी दिसली, तर फिल्टर चोंदलाय किंवा कार्ब्युरेटर साफ करायला झालाय. मग क्लच. चढावर इंजिन ओरडतंय पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लचच्या प्लेटा घसरताहेत. तिथे कुठलाही सायलेन्सर कामाचा नाही.

चेन-स्प्रॉकेट बदलायला आलंच असेल, तर पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) एका दाताने लहान घ्या. चढावर लगेच फरक जाणवेल. हायवेला त्याच वेगात इंजिन जास्त फिरेल, अ‍ॅव्हरेज थोडं पडेल. तुमच्या वापराला मला हाच सौदा पटतो. उरलेल्या पैशांत मागचा टायर बघा, गुळगुळीत झाला असेल तर आधी तोच बदला.