भाषण करताना दम पुरत नाही, आवाज कापतो. श्वासाचे कोणते व्यायाम करावेत आणि किती दिवसांत फरक पडतो?

दिवसांचं मग सांगतो. आधी हे सांगा, 'छाती पुढे, पोट आत' असं तुम्हाला कोणी शिकवलंय का? मला शिकवलं होतं, त्यापायीच वाटोळं झालं.

नववीत होतो. गावात तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी, ग्रामगीतेवर पाच मिनिटं बोलायचं. आमच्या सरांनी पंधरा दिवस तयारी करून घेतली आणि रोज एकच घोकंपट्टी, छाती फुगव, पोट आवळ, मग दणकून बोल. त्या रात्री मी तसाच फुगून उभा, खांदे कानाला टेकलेले, तिसऱ्या वाक्याला दम खलास अन् आवाज असा चिरकला का खंजिरीवाले बुवा पण हसले. तेव्हापासून मी 'फाटका भोंगा'. वरून सर सगळ्यांसमोर म्हणाले, आवाज जन्मतःच लागतो, याच्यात नाही.

शेजारच्या आबाजीनं वाचवलं. ते तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक करायचे. इकडं पूर्व विदर्भात, वडसा-ब्रह्मपुरीकडे दिवाळीनंतर नाटकांचा सीझन लागतो, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालते, तिथं नुसत्या गळ्यानं ओरडणाऱ्याचा घसा दोन रात्रीत बसते. त्यांनी मले बाजेवर उताणं झोपवलं, बेंबीवर धान्य मोजायची रिकामी पायली ठेवली न म्हणे, "श्वास घेतला का पायली वर आली पायजे. छाती हालली तर चहा बंद." मग दातातून स्स्स्स करत हवा सोडायची, पंक्चर झालेल्या ट्यूबसारखी, एकसारखी. पहिल्या दिवशी दहा-बारा सेकंदात फुस्स. महिनाभरात पंचवीसवर गेलो. पुढच्या पोळ्याला तोरणाखाली झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, मीच म्हटली, माईक नाही, बैलांच्या घुंगरांचा कल्ला, तरी पार शेवटच्या जोडीपर्यंत ऐकू गेली.

यात जादू काही नाही. बाहेर जाणाऱ्या हवेनं स्वरतंतू थरथरतात, त्याचाच आवाज. फुप्फुसांखालचं श्वासपटल खाली सरकलं की हवा भरते आणि पोट पुढं येतं, आता तुम्ही पोटच आवळून धरलं तर ते सरकणार कुठं? मग माणूस वरच्यावर श्वास ओढते, मान ताठते, गळा आवळते. बेंबीच्या देठापासून म्हणतात ते उगाच नाही. आणि भरपूर हवा भरण्यापेक्षा ती हळू सोडणं महत्त्वाचं, ठेचून भरली तर उलट पहिल्याच वाक्यात भसकन निघून जाते. वाक्यं छोटी ठेवा, दम संपायच्या आधी थांबा.

प्राणायाम करता तर करा, धडधड कमी होते, पण बोलताना दम पुरवून वापरायची सवय मोठ्यानं बोलूनच लागते.

फरक मला महिन्यात दिसला, रोज दहा मिनिटं. हां, चक्कर आली तर थांबा, बीपी-हार्टवाल्यांनी श्वास रोखून धरू नये, आणि दोन-तीन आठवडे घसा बसलेलाच असेल तर व्यायाम सोडा, कान-नाक-घसावाल्याला दाखवा. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खात असाल तर आधी तो थुंका.

मागच्या साली त्याच सरांच्या निरोप समारंभात गावातर्फे मीच बोललो. खाली उतरलो तर सर पावण्यांना सांगत होते, "याचा आवाज म्याच तयार केला." पोट तेव्हाही आतच ओढलेलं होतं त्यांनी.