‘मी पाणी कमी पाजले म्हणून का?’

सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे शरीरातील स्राव दाट आणि चिकट करणारा आनुवंशिक आजार, असलेल्या मुलांचे पालक माझ्याकडे येतात, तेव्हा मुलाच्या आतड्याच्या तक्रारींची चर्चा बहुधा एकाच शंकेपाशी येऊन थांबते: आपण पाणी कमी पाजले का?

एका सहा वर्षांच्या मुलाची आई हीच शंका घेऊन आली (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). जन्मतःच बाळाची पहिली काळी, चिकट शी आतड्यात अडकल्याने शस्त्रक्रिया करावी लागली होती आणि आता, लहान आतडे मोठ्या आतड्याला जिथे मिळते तिथे, पुन्हा अडथळा झाला होता.

“गरोदरपणी मी पाणी कमी प्यायले. आता दर तासाला पेला घेऊन त्याच्या मागे असते.”

“तुमचा दोष नाही,” असे तिला अनेकांनी सांगितले होते. पहिल्या भेटीत मीही सांगितले, आणि ते तिच्यापर्यंत पोहोचले नाही. अपराधभाव हे दुःखाचे एक स्पष्टीकरणच असते, अशी माझी वर्षानुवर्षांची धारणा आहे. त्याहून खरे स्पष्टीकरण हाती आल्याशिवाय माणूस ते सोडत नाही. म्हणून पुढच्या भेटीत मी धीर देणे थांबवले आणि श्लेष्माविषयी, म्हणजे आतड्याच्या आतल्या बुळबुळीत थराविषयी, बोलले.

आतड्यातील श्लेष्म बहुतांशी पाणीच असते, पण त्याची जाळी विणतात ते म्युसिन नावाचे, शर्करांनी लगडलेले लांबलचक रेणू. पेशीच्या आत आम्लधर्मी वातावरणात कॅल्शियम त्यांना आवळून धरते. ते बाहेर पडताना आतड्याने सोडलेले बायकार्बोनेट (आम्लता कमी करणारा क्षार) हे कॅल्शियम काढून घेते आणि मग रेणू पाणी शोषून शेकडो पट फुलतात. या आजारात सीएफटीआर जनुकातील बदलामुळे क्लोराइड आणि बायकार्बोनेट यांची बाहेर जाण्याची वाटच बिघडते. श्लेष्म अर्धवट उलगडते, दाट राहते, पेशींना धरून बसते आणि पुढे सरकत नाही. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या संशोधकांनी 2012 मध्ये असा दोष असलेल्या उंदरांच्या आतड्याला भरपूर बायकार्बोनेट पुरवले, तेव्हा तेच श्लेष्म जवळजवळ निरोगी श्लेष्मासारखे वागू लागले.

मी दोऱ्याने करकचून बांधलेला स्पंज तिच्या हातात दिला आणि त्यावर पाणी ओतायला सांगितले. तिने ओतले, स्पंज आवळलेलाच राहिला. मग तिने दोरा कापला. फुगलेल्या स्पंजाकडे ती बराच वेळ पाहत राहिली.

“पाणी होतेच. दोरा सुटला नाही,” ती म्हणाली. आणि लगेच, “मग पाण्याला अर्थच नाही?”

“आहे. शरीर कोरडे पडले तर अडथळ्याचा धोका वाढतो, म्हणून पाणी आणि डॉक्टरांनी सांगितलेले मीठ हवेच. पण दोरा तुम्ही बांधलेला नाही.”

“जनुक तर माझेच ना?”

या वळणाची मी वाट पाहत होते, कारण अपराधभाव सहसा जात नाही, जागा बदलतो. बदललेली एकेक प्रत आई आणि वडील दोघांकडून आली तरच हा आजार होतो, दोघेही निरोगी वाहक असतात आणि प्रत्येक गर्भधारणेत ही शक्यता चारांत एक असते, हे मी सांगत होते. आतापर्यंत गप्प बसलेले वडील मध्येच म्हणाले, “मग निम्मे माझे आहे. तू एकटीने का धरून ठेवलेस?” ती रडली. मी काहीच बोलले नाही, आणि माझ्या मते त्या भेटीतले माझे सर्वांत योग्य काम तेच होते.

त्यानंतरच मार्गदर्शनाला जागा मिळाली. स्वादुपिंडाचे पाचकरस आतड्यात पुरेसे पोहोचत नसतील, तर न पचलेली चरबी या घट्टपणात भर घालते. म्हणून ठरवून दिलेली, पचनाला मदत करणाऱ्या एन्झाइमची मात्रा जेवणाबरोबर, स्निग्ध खाऊबरोबरही द्यावी, पण ती आपल्या मनाने वाढवू नये. पोट फुगणे, उजव्या बाजूला खाली दुखणे, हिरवी उलटी, शी बंद होणे यांना साधे बद्धकोष्ठ समजून घरी थांबू नये; त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पुढच्या भेटीला आईने वही आणली. पेल्यांची मोजणी थांबली होती. तिथे आता एन्झाइम, शी आणि पोटदुखी यांच्या नोंदी होत्या, आणि त्यांतल्या अर्ध्या वडिलांच्या अक्षरात होत्या.