कोअर बॉक्समधले (वाळूचे कोअर बनवायच्या तापत्या साच्यातले) कार्ट्रिज हीटर (भोकात बसणारे नळीसारखे) सारखे जळतात. कुठल्या कंपनीचे घ्यावेत, वॅटेज वाढवावं का?

कंपनीचं नंतर बघू. आधी हीटर बसतो ते बॉक्समधलं भोक मोजा. टेपनं न्हवं, बोअर गेज लावून.

बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीच्या मेंटेनन्सला माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून हा प्रश्न बघून गप्प बसवेना. शेल कोअरच्या (रेझिन लावलेल्या वाळूचे कोअर भाजून काढणाऱ्या) मशीनवर हीटर गेला की पहिलं बोट आमच्याकडं, "कनेक्शन ढिलं ठेवलं असणार." दुसरं पर्चेसकडं. टूलरूमकडं बघायची कुणाची छाती नव्हती, कारण तिथले अण्णा मालकांच्या वडिलांच्या काळातले. अण्णांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "हीटर तापला की फुगतोय की रे, जरा सैल असलेलं बरं."

शेवटी एक जळालेला हीटर मी व्हाइसला धरला आणि हॅकसॉनं उभा कापला. पाइपची एक बाजू भोकाला टेकलेली, तिथला रंग जवळजवळ नव्यासारखा. समोरची बाजू काळी पडून खपल्या सुटलेली, जरा फुगलेली. आतली पांढरी पावडर तिथंच करडी झालेली आणि नायक्रोमची तार नेमकी तिथंच तुटून टोकाला बारीक मणी आलेला. मग भोक मोजलं. हीटर 15.9 मिमी, भोक 16.4. सोळाचं ड्रिल मारलेलं, रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणायचं हत्यार, नाहीच.

अण्णांच्या फुगण्याचाही हिशेब करून दाखवला. सोळा मिमीचा स्टेनलेस पाइप 500 अंशांपर्यंत तापला तरी व्यासात 0.13 मिमीच्या आसपास वाढतो. बॉक्स तापला की भोकही थोडं मोठं होतं, म्हणजे भरून निघते जेमतेम 0.1 मिमी. अर्ध्या मिमीची फट कशी भरणार? मधे हवा राहिली की उष्णता बाहेर पडत नाही, बॉक्स थंड राहतो, कंट्रोलर करंट देतच राहतो आणि तार आतल्या आत भाजून निघते. अण्णा म्हणाले, "पुस्तकातलं मला सांगू नकोस."

पुढचा बॉक्स मी हट्टानं रीमर मारून घेतला, फट 0.1 मिमीच्या आत. हीटर पर्चेसनं आणलेल्या त्याच स्वस्त लॉटमधले. पावसाळा सरला, दिवाळी झाली, तरी चालू. यावर अण्णांचं म्हणणं काय, तर तो लॉट चांगला निघाला! रिटायर झालेत, पण टिळकवाडीत भेटले की अजून तेच ऐकवतात.

आता वॅटेज. 40 किलोचा बिडाचा बॉक्स 25 वरून 250 अंशांवर अर्ध्या तासात न्यायला साधारण अडीच किलोवॅट लागतात, हवेत जाणारी उष्णता धरून साडेतीन. तुमचे आधीच तेवढे असतील तर आणखी वाढवून काय मिळवणार? उलट जास्त वॅट त्याच लांबीत कोंबले की हीटर लवकर जातो. वॅटला तापणाऱ्या भागाच्या पृष्ठफळानं भागा. सोळा मिमी व्यास, 180 मिमी तापणारी लांबी आणि 1000 वॅट म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला 11 वॅट. भोक नीट असेल तर हे आरामात चालतं. व्होल्टेजही बघा. 220 व्होल्टचा हीटर 240 वर लावला तर तो 19 टक्के जास्त वॅट खातो.

पावसाळ्यात आपल्याकडं वेगळीच गंमत. गणपतीच्या सुट्टीनंतर मशीन चालू केलं की ईएलसीबी (करंट गळला की बंद पडणारा स्विच) ट्रिप, आणि लोक लगेच हीटर फेकायला निघतात. आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर ओल ओढते, बाकी काही नाही. मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावा. रीडिंग कमी आलं तर काढून ओव्हनमध्ये 120 अंशांवर काही तास ठेवा, बहुतेक वेळा वर येतं. नवे हीटरही पिशवीत बंद करून कोरड्या जागी ठेवा. गोडाऊनच्या फरशीवर नकोत.

काँटॅक्टर (हीटरचा करंट चालू-बंद करणारा स्विच) सारखा खटखट करत असेल तर एसएसआर (इलेक्ट्रॉनिक रिले) बसवा. थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) हीटरच्या जवळ हवा, बॉक्सच्या पार दुसऱ्या टोकाला न्हवं. वायर निघते तिथं रेझिनचा धूर साचून काजळी धरते, ती जागा पुसत जा.

हे सगळं बॉक्स आणि डायसाठी. तेलात किंवा पाण्यात बुडवायचे हीटर वेगळे, तिथं माझं ऐकू नका. आणि कंपनी अगदीच बिनमहत्त्वाची असंही नाही, पावडर दाबून घट्ट केलेला स्वेज्ड हीटरच मागा, हातानं भरलेला नको.

भोक आरपार ठेवा, म्हणजे अडकलेला हीटर मागून पंचानं ठोकून काढता येतो. नाहीतर ड्रिल घालून काढतात आणि भोक आणखी मोठं करून ठेवतात. बॉक्स टूलरूममधून आला की मोजमापाचा कागद सहीनिशी घ्या. सही नसेल तर मशीनवर चढवू नका, अण्णा असोत नाहीतर आणखी कोण.