गाभारा : यातला गर्भ कोणता?

प्रश्न असा आला आहे : ‘गाभारा’ हा ‘गर्भगृह’ या शब्दाचा अपभ्रंश आहे का? देव तिथे जणू मातेच्या उदरात असतो, म्हणून त्या खोलीला हे नाव पडले, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. ते खरे मानावे का? आणि लिहिताना ‘गाभारा’ म्हणावे की ‘गर्भगृह’?

पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देता येते. ‘गाभारा’ आणि ‘गर्भगृह’ यांचा अर्थ एकच असला, तरी पहिला शब्द दुसऱ्यापासून आलेला नाही. तो ‘गर्भागार’ या संस्कृत शब्दापासून आला आहे. संस्कृतातल्या ‘गर्भ’चे प्राकृतात ‘गब्भ’ झाले आणि मराठीत येताना जोडाक्षर सुटून आधीचा स्वर लांबला, म्हणजे ‘गाभ’ झाले. कर्म–कम्म–काम, हस्त–हत्थ–हात, सप्त–सत्त–सात ही याच वाटेने आलेली मंडळी आहेत. उरलेल्या ‘आगार’मधला ‘ग’ दोन स्वरांच्या मध्ये सापडल्यामुळे गळाला आणि दोन ‘आ’ एकमेकांत मिसळले. भांडागाराचे ‘भांडार’ आणि कोष्ठागाराचे ‘कोठार’ नेमके असेच झाले. ‘गर्भगृह’ हा मूळ शब्द असता, तर ‘भा’मधल्या दीर्घ आकाराचा उलगडा झाला नसता, कारण समासाच्या शेवटी आलेल्या ‘गृह’चे प्राकृतात ‘घर’ किंवा ‘हर’ होते. मातृगृहाचे ‘माहेर’ झाले ते याच मार्गाने. शेवटी पुल्लिंगी आकार लागून ‘गाभारा’ सिद्ध झाला. गुजरातीत, विशेषतः जैन मंदिरांच्या संदर्भात, ‘गभारो’ म्हणतात, तोही याचाच भाऊ. (एसटीच्या डेपोवर ‘आगार’ ही पाटी वाचताना हा शब्द गाभाऱ्यातही दडलेला आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.)

प्रश्नाचा दुसरा भाग अधिक विचार करण्यासारखा आहे. ‘गर्भ’ म्हटले की आज आपल्याला आईच्या पोटातला जीव आठवतो. पण संस्कृतात या शब्दाचा ‘आतला भाग’ हा अर्थ तितकाच रुळलेला आहे. नाटकाच्या अंकात दुसरे छोटे नाटक रंगवले, तर त्याला गर्भांक म्हणतात. तिथे जन्माचा काही संबंध नाही, एकाच्या पोटात दुसरे आहे एवढेच अभिप्रेत असते. आणि ‘गर्भागार’ हा शब्द देवळापुरता कधीच नव्हता. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ‘गर्भागारं वासगृहम्’ असे म्हटले आहे, म्हणजे राहत्या घरातली आतली, निजण्याबसण्याची खोली. त्याच्याच पुढे ‘अरिष्टं सूतिकागृहम्’ असे येते. बाळंतिणीच्या खोलीला कोशकाराने वेगळे नाव दिले आहे आणि ते ‘गर्भागार’च्या शेजारीच ठेवले आहे, ही गोष्ट मला निर्णायक वाटते. माणसाच्या घरातली सर्वांत आतली खोली ते गर्भागार. देवाच्या घरातलीही तीच. ‘देऊळ’ म्हणजे देवकुल आणि ‘राऊळ’ म्हणजे राजकुल, हे पाहिले तर देवळाची बरीचशी परिभाषा घराच्या आणि वाड्याच्याच शब्दांतून घडली आहे, हे लक्षात येते. ‘मंदिर’ या शब्दाचाही संस्कृतातला साधा अर्थ निवासस्थान असाच आहे.

शिल्पशास्त्राच्या परिभाषेतही ‘गर्भ’ हा पुष्कळदा निव्वळ मापाचा शब्द असतो. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत प्रासादलक्षणाचा (प्रासाद म्हणजे इथे देऊळ) एक अध्याय आहे. त्यात सांगितले आहे की प्रासादाच्या रुंदीच्या निम्म्याइतका गर्भ असावा, बाकीची जागा सभोवारच्या भिंतींना जावी, दाराची रुंदी गर्भाच्या चौथाईइतकी आणि उंची त्या रुंदीच्या दुप्पट असावी. समजा, प्रासाद सोळा हात रुंद आहे. मग गर्भ आठ हातांचा, प्रत्येक बाजूची भिंत चार हातांची, दार दोन हात रुंद आणि चार हात उंच. आतल्या पोकळीच्या निम्म्या जाडीची भिंत, असे हे गणित आहे. इथे ‘गर्भ’ म्हणजे भिंतींच्या आत उरलेली पोकळी, यापलीकडे काही नाही.

प्रत्यक्ष वास्तू पाहिल्या तरी उदराचे रूपक सगळीकडे बसत नाही. घारापुरीच्या मुख्य लेण्यात शिवलिंगाची खोली मंडपाच्या आतच खांबांच्या मध्ये सुटी उभी आहे. तिला चारही बाजूंना दारे आहेत आणि प्रत्येक दाराशी भव्य द्वारपाल उभे आहेत. चार दारांच्या खोलीला बंदिस्त उदर कसे म्हणावे? तरीही तो गाभाराच आहे, कारण तो ‘आत’ आहे. याउलट अंबरनाथच्या शिवमंदिरात (तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हे वर्ष येते) मंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावे लागते. भर दुपारच्या झगझगीत उन्हातून येऊन त्या पायऱ्या उतरणाऱ्या माणसाला उदराची उपमा सुचली, तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही.

वाद घालू नये याला आणखीही कारण आहे. मंदिर बांधणाऱ्यांच्या परंपरेला दुसरा अर्थ ठाऊक नव्हता, असे मुळीच नाही. मयमतासारख्या वास्तुग्रंथांत ‘गर्भविन्यास’ नावाचा विधी सांगितला आहे : बांधकाम वर येण्याआधी माती, धान्ये, धातू, रत्ने अशा वस्तूंनी भरलेले पात्र वास्तूच्या पायात ठेवायचे. त्या पात्रातल्या ऐवजालाच ‘गर्भ’ म्हणतात आणि तिथे बीज रुजवण्याची कल्पना उघड आहे. मात्र हा गर्भ पायातला, खोलीच्या नावातला नव्हे. लोकप्रिय स्पष्टीकरणांत या दोहोंची सरमिसळ होते, एवढेच मला सांगायचे आहे. संस्कृत कवींना तर हे दुहेरीपण हवेच असते. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात कण्वाला जी वाणी ऐकू येते, ती शकुंतलेला ‘अग्निगर्भा शमी’ म्हणते. शमीच्या लाकडात अग्नी असतो, हा ‘आत’चा अर्थ झाला, आणि शकुंतला गरोदर आहे, हा दुसरा. एकाच शब्दाने दोन्ही कामे केली आहेत.

मराठीनेही हे दोन्ही अर्थ सांभाळले आहेत. ‘गर्भश्रीमंत’ म्हणजे आईच्या पोटात असल्यापासून श्रीमंत, पण ‘गर्भरेशमी’ वस्त्र म्हणजे आतून-बाहेरून सगळे रेशीमच. केळीचा गाभा, विषयाचा गाभा यांत ‘आत’ आहे. गाभण गाईत ‘उदर’ आहे. स्त्रीला आपण ‘गर्भवती’ म्हणतो आणि गाईम्हशींना ‘गाभण’. संस्कृत रूप माणसाकडे आणि घडलेले मराठी रूप जनावराकडे अशी वाटणी भाषेने केली आहे, आणि ती मोडली तर कानाला चांगलेच खटकते. गाभाऱ्याच्या बाबतीत मात्र मराठी रूपाला असा कोणताही उणेपणा चिकटलेला नाही. देवाच्या सर्वांत जवळच्या जागेला आपण तद्भव शब्दच ठेवला, हे मला मोलाचे वाटते.

शेजारच्या भाषांत कन्नड ‘गर्भगुडी’ म्हणते. तमिळ ‘करुवरै’ म्हणते, ज्यात ‘करु’ म्हणजे बीज, भ्रूण आणि ‘अरै’ म्हणजे खोली, त्यामुळे तिथे उदराचा अर्थ सरळ दिसतो. तमिळ शब्दाचे स्पष्टीकरण मराठी शब्दाला लावण्याचे मात्र कारण नाही.

आता वापराविषयी. सर्वसाधारण लेखनात ‘गाभारा’ लिहावे. स्थापत्याच्या चर्चेत अंतराळ (गाभारा आणि मंडप यांच्या मधली जागा), सभामंडप, मुखमंडप या शब्दांच्या रांगेत ‘गर्भगृह’ शोभते, पण तिथेही ‘गाभारा’ चुकीचा ठरत नाही. दोन्ही शब्द एकाच लेखात वापरले, तर वाचकाला त्या दोन वेगळ्या जागा वाटणार नाहीत, एवढी काळजी घ्यावी. ‘गर्भगाभारा’ असेही अधूनमधून वाचायला मिळते. त्यात गर्भ दोनदा येतो, म्हणून ते टाळलेले बरे. घरातल्या देव्हाऱ्याला कोणी गाभारा म्हणत नाही, कारण गाभाऱ्यात माणसाला शिरता आले पाहिजे. ‘मनाचा गाभारा’ हा लाक्षणिक प्रयोग बराच वापरून गुळगुळीत झाला असला, तरी व्युत्पत्तीच्या दृष्टीने अगदी चोख आहे.

एक लेखनाचा मुद्दा राहिला. सामान्यरूप ‘गाभाऱ्यात’, ‘गाभाऱ्याचे’ असे, आडव्या अर्ध्या ‘र’ने लिहायचे, ‘गाभार्यात’ असा डोक्यावर रफार दिला, तर आधीच्या ‘भा’वर आघात येऊन उच्चार ‘आचार्यांत’मधल्यासारखा होतो. आचार्यांना दिलेले आणि आचाऱ्यांना दिलेले यांत जो फरक आहे, तोच इथेही आहे.