गावं, पिनकोड, जीएसटीचे दर: इतका डेटा प्रोग्रॅममध्ये मावत नाही, काय करू?

तुम्ही निफाड-पिंपळगावकडच्या शेती अवजारांच्या दुकानांसाठी जावात बिलिंगचा प्रोग्रॅम लिहिलाय. गावं, तालुके, पिनकोड, जीएसटीचे दर सगळं एकाच क्लासमधल्या ॲरेत भरलंय आणि आता कंपायलर ‘कोड टू लार्ज’ म्हणून अडून बसलाय. फाइलचे दोन तुकडे करू का, असं विचारताय.

करू नका. जावात एका मेथडचा बाइटकोड, म्हणजे कंपायलरने बनवलेला कोड, 64 केबीच्या आत बसावा लागतो, आणि स्टॅटिक ॲरे भरायचा सगळा कोड कंपायलर एकाच छुप्या मेथडमध्ये ओततो. तुकडे केलेत तर आजचं दुखणं पुढच्या वर्षी येईल, एवढंच.

मीही नाशिकमध्ये अशाच दुकानांची सॉफ्टवेअरं सांभाळतो. माझी कसोटी एकच: जी नोंद बरोबर की चूक हे दुकानातला हिशेबनीस सांगू शकतो, ती कोडमध्ये नको. मी अशा नोंदी सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) ठेवतो, त्या कोडसोबतच गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) राहतात, आणि बिल्डच्या वेळी, म्हणजे प्रोग्रॅम तयार करताना, त्यांची एसक्यूलाइटची, म्हणजे छोट्या डेटाबेसची, एक फाइल बनते. सर्व्हर लागत नाही, पिनकोडवर इंडेक्स टाकला की शोध झटपट होतो.

खरी मेख दरांची आहे. 22 सप्टेंबर 2025 ला शेतीच्या ट्रॅक्टरवरचा आणि ठिबक संचावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. दर बाहेर ठेवलेत म्हणून 12 खोडून 5 लिहिलं, की काम संपत नाही. त्या ऑगस्टचं बिल उद्या पुन्हा छापलं तर त्यावर 12 च दिसायला हवेत. म्हणून दरांच्या टेबलात ‘कधीपासून’ हा रकाना हवाच, आणि दर शोधायचा तो बिलाच्या तारखेनुसार.

गावा-तालुक्याच्या नावाला किल्ली, म्हणजे टेबलातली नोंद ओळखायची खूण, करू नका. बागलाण तालुक्याला अर्धा जिल्हा सटाणाच म्हणतो, आणि शेजारच्या अहमदनगरचं तर अहिल्यानगर झालं. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे, तो वापरा. पिनकोडही किल्ली म्हणून चालत नाही, एका पिनकोडात अनेक गावं येतात.

सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की नाशिकच्या एसटीडी कोडचा, 0253 चा, 253 होतो, हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे बिल्डमध्येच तपासणी लावा: कोड दुबार आलाय का, गावाचा तालुका यादीत आहे का, नाशिक जिल्ह्याचे 15 तालुके भरतात का. एक जरी चुकलं तरी बिल्ड थांबवा.

मात्र रोख-उधार हा प्रकार ॲरेतून उचलून टेबलात टाकू नका. त्यावर तुमच्या प्रोग्रॅमची वाटच बदलते. टेबलात कुणी तिसरा प्रकार वाढवला तरी त्याचं काय करायचं ते कोडला कळणार नाही. तो ईनम, म्हणजे ठरावीक पर्यायांची यादी, म्हणून कोडमध्येच राहू द्या.