पोळ्या करणाऱ्या बाईलाच सिलिअ‍ॅक निघतो तेव्हा

मी वयाने मोठी आहे, म्हणून तू म्हणते, राग मानू नकोस.

तू लिहिलंस की सहा वर्षं गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन ८ च्या वर जात नव्हतं. शेवटी रक्ताची टीटीजी तपासणी (या आजारात वाढणाऱ्या प्रतिपिंडांची) आणि दुर्बिणीतून बायोप्सी झाली आणि सिलिअ‍ॅक निघाला. म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याचं अस्तर झिजवणारा आजार. घरात सात माणसं, रोजच्या पंचवीस पोळ्या, आणि त्या तूच करतेस. सासूबाई म्हणतात, गहू कमी कर, खपली खा, अगदी बंद कशाला? तुझे प्रश्न तीन: खपली चालतो का, पोळ्या करत राहू का, आणि आता खायचं तरी काय?

खपलीचं आधी सांगते, कारण तो प्रश्न आजच मिटायला हवा. चालत नाही. लोकवन, शरबती, बन्सी, खपली, जुना, नवा, सेंद्रिय, कुठलाही गहू चालत नाही. मधुमेहाच्या लोकांना खपली सोसतो म्हणून त्याचं एवढं कौतुक ऐकू येतं, पण ग्लुटेन त्यातही आहेच. तेच जवाचं, म्हणजे सातूचं. आपल्याकडे कित्येक घरांत सातूचं पीठ गहू आणि डाळव्याचं करतात, तेही बंद. तिसरं धान्य राय. आपल्याकडे ते पिकत नाही, पण पाकिटावर ‘राय’ वाचून फोडणीतली राई बंद करू नकोस. ती मोहरी, तिचा याच्याशी काही संबंध नाही.

आता ‘थोडंसं’. एका पोळीत साधारण दोन-अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं, तरी आतड्याच्या अस्तराला इजा होते, हे रुग्णांवर तपासून पाहिलेलं आहे. ५० मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा पन्नासावा भाग. घाससुद्धा नव्हे, छोटासा तुकडा. सासूबाईंना हे आकड्यांत सांगू नकोस. एक पोळी घे, तिचा नखाएवढा तुकडा तोड आणि त्यांच्या हातावर ठेव. मी तसंच केलं होतं.

त्यांना हे हल्लीचं खूळ वाटत असेल तर डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञांची गोष्ट सांग. गव्हाने काही मुलं आजारी पडतात असा संशय त्यांना आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, दुसऱ्या महायुद्धात, हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि नेमकी हीच मुलं सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली त्यांनी यावर प्रबंध लिहिला. पंचाहत्तर वर्षं झाली, अजून दुसरं औषध आलेलं नाही. पथ्य हेच औषध.

माझं निदान २०१२ चं, तेव्हा मी ४१ वर्षांची होते. माहेर सोलापूरकडचं. दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, पोळी सणावारी. लग्न होऊन पुण्यात आले आणि सकाळ-संध्याकाळ पोळी सुरू झाली. पोट फुगणं, थकवा, केस गळणं, सगळं त्यानंतरच्या वर्षांतलं. मलाही लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं दिल्या गेल्या. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात लोह शोषलं जातं, आणि नेमके तिथलेच रसांकुर, म्हणजे अन्न शोषून घेणारे अस्तरावरचे बारीक अंकुर, झिजलेले असतात, त्यामुळे गोळी आत जाऊनही अंगी लागत नाही. त्या काळात ‘तू नीट खात नाहीस’ हे मी इतक्यांदा ऐकलं की तुझं पत्र वाचताना डोळ्यांत पाणी आलं. तू नीटच खात होतीस गं.

आपल्या भागात हा आजार फारसा कुणाला माहीत नसतो, याला कारण आहे. २०१६ मध्ये देशातल्या तीन भागांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तरेत शंभरांत एकाहून थोडे जास्त लोक निघाले, दक्षिणेत हजारात जेमतेम एक. आजाराला लागणारी जनुकं दोन्हीकडे सारखीच होती, ताटातला गहू मात्र सारखा नव्हता. महाराष्ट्र त्या दोहोंच्या मध्ये बसलाय, आणि आपली भाकरी गेल्या चाळीस वर्षांत ताटातून हळूहळू सरकत गेली.

म्हणून खायचं काय, हा प्रश्न आपल्याला सगळ्यांत सोपा आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळ्या डाळी. पोहे, घावन, आंबोळी, धिरडी, उकडीचे मोदक. एकादशीचं जवळजवळ सगळं ताट तुझ्यासाठीच आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि तुझ्या हाडांना ते हवंय. दुकानातली महागडी ग्लुटेन-फ्री बिस्किटं आणि पाव रोज आणू नकोस, त्यांत मैद्याच्या जागी बहुतेक स्टार्च आणि साखर असते. प्रवासासाठी एखादं पाकीट पुरे.

अवघड आहे ते दळण.

गिरणीत तुझ्या ज्वारीच्या आधी कुणाचातरी गहू दळलेला असतो. जात्यात, नळीत, खालच्या कापडी पिशवीत त्याचं पीठ राहतं आणि ते तुझ्या डब्यात उतरतं. मी पहिले आठ महिने एकही पोळी खाल्ली नाही, तरी टीटीजी उतरायचं नाव घेईना. डॉक्टरांना वाटलं मी लपवून खाते. घरच्यांनाही वाटलं. शेवटी एका दुपारी मी स्वतः गिरणीत उभी राहिले, तेव्हा दिसलं की माझी ज्वारी टाकल्यावर पहिल्यांदा जे पीठ पडलं ते गव्हाचं होतं. गिरणीवाल्याचा काही दोष नाही. सकाळी पहिलं दळण माझं घ्या, आधी झाडून घ्या, हेही करून पाहिलं. त्याने मनापासून झाडलं, पण पीठ तिथल्या हवेतच असतं.

त्या महिन्यात आम्ही घरघंटी घेतली. पैसे बरेच गेले, एक दागिना पुढे ढकलला, आणि सहा महिन्यांत टीटीजी निम्म्यावर आलं. तुम्हांला जमत असेल तर पहिला खर्च हाच करा. त्यात गहू एकदाही टाकायचा नाही, पाहुणे आले तरी नाही. हरभऱ्याची डाळ त्यातच दळ, म्हणजे बेसनाचा प्रश्न सुटतो. शिंगाडा-राजगिऱ्याचं पीठही शक्यतो घरचं, बाहेरचं कुठल्या गिरणीतून आलं ते कळत नाही. ज्वारी दळायच्या आधी ताटात पसरून उजेडात निवड. ज्वारी गोल आणि गहू लांबट, त्यामुळे गव्हाचा दाणा चटकन दिसतो. दर पाच किलोत मला आठ-दहा सापडतात. आणि एका वेळी आठवड्यापुरतंच दळ. जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरते. ग्लुटेन नसल्यामुळे ज्वारीच्या पिठाला ओढ नसते. पाणी चांगलं गरम घे आणि मळताना तळहाताने रगड. महिनाभरात हात बसेल.

घरघंटी लगेच शक्य नसेल तर तोवर तांदूळ धुऊन, वाळवून मिक्सरवर वाटून घे. पहिले दोन महिने भात, घावन, वरईवर निघतात. मी काढलेत.

दुसरी लपलेली जागा हिंगाची डबी. आपण वापरतो तो बांधणीचा हिंग. शुद्ध हिंग फार उग्र असतो म्हणून तो पिठात बांधतात, आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं असतं. वरण, आमटी, कढी, पोह्यांची फोडणी, रोज चिमूटभर. डबीमागचे घटक वाच. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो. तो सापडेपर्यंत जिरं-लसणाची फोडणी दे.

घरातल्या बाकी डब्यांकडेही एकदा या नजरेने बघ. थालीपीठाच्या भाजणीत गहू, मेतकुटात गहू. रवा, शेवया, लापशी तर गहूच. उन्हाळ्यात घातलेल्या कुरडया गव्हाच्या चिकाच्या. भाजणी आणि मेतकूट गहू वगळून घरी कर, चवीत कुणाला फरक कळत नाही. लहान मुलांच्या माल्टच्या पावडरी, सोया सॉस, बिअर, सगळ्यांत जव किंवा गहू. ओट्स पहिलं वर्षभर आणूच नकोस, त्यांत गव्हाची भेसळ सर्रास असते. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर आपल्या अन्न सुरक्षेच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असून चालत नाही. ‘व्हीट-फ्री’ म्हणजे ते नव्हे, त्यात जव असू शकतो. आणि गव्हांकुराचा रस कुणी कितीही प्रेमाने आणून दिला तरी नाही म्हण.

आता पोळ्यांचं. पीठ मळल्याने ग्लुटेन कातडीतून आत जात नाही, ती भीती काढून टाक. पण कणीक चाळताना आणि लाटताना पीठ उडतं, नाकातोंडात जातं, नखांत राहतं आणि त्याच हाताने आपण आमटीची चव बघतो. पंचवीस पोळ्या रोज. माझं स्पष्ट मत आहे की निदान पहिलं वर्ष तू पोळ्या करू नयेस. तुमच्या गल्लीत पोळी-भाजी केंद्र असेलच, किंवा पोळ्या करून देणाऱ्या मावशी. तयार पोळ्या बंद डब्यात घरी येऊ देत. नाहीतर घरातलं दुसरं कुणीतरी लाटेल. आमच्याकडे मुलगा शिकला, त्याच्या पोळ्या अजून माझ्यापेक्षा मऊ होतात.

हे सांगायला तुला जड जाईल, मला माहीत आहे. स्वतःच्या पथ्यासाठी सात माणसांची रीत बदलायची, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. आपण सगळ्यांत शेवटी जेवतो, उरलेली पोळी संपवतो, सकाळी तीच फोडणीला टाकतो. मी सुरुवातीला एकटीसाठी भाकरी टाकायचा कंटाळा करायचे आणि नुसता ताकभात खाऊन उठायचे. अशाने वजन आणखी तीन किलो उतरलं. तेव्हा माझी आई सोलापूरहून येऊन राहिली. ती रोज माझी भाकरी सगळ्यांच्या आधी टाकायची. स्वयंपाकाला लागलीस की आधी तुझी भाकरी. ओटा, तवा, हात स्वच्छ असतात तेव्हाच, गव्हाचा डबा उघडायच्या आत. तिने हे मायेपोटी केलं, पण पथ्याच्या हिशोबानेही तोच क्रम बरोबर आहे.

तुझी चाळणी, लाकडी परात, पोळपाट आणि तवा वेगळा ठेव. चाळणीच्या जाळीतलं पीठ कितीही धुतलं तरी निघत नाही. स्टीलची भांडी नीट घासली की पुरे, नवीन घेऊ नकोस. तुझ्या पिठाचे डबे वरच्या फळीवर ठेव, म्हणजे वरून गहू सांडणार नाही. तूप, लोणचं, चटणी तुझी वेगळी, कारण पोळीचा हात त्या बरण्यांत जातोच.

बाहेरचं थोडक्यात. वडे-भजी ज्या तेलात समोसे तळलेत त्या तेलातले नकोत. मालवणी खानावळीत भात, कालवण, सोलकढी छान, पण हिंगाचं विचार आणि तळलेला मासा सोड, त्याला रवा लावलेला असतो. सत्यनारायणाचा शिरा मला फार दिवस सलला. प्रसाद नाकारायचा कसा? आता मी द्रोण हातात घेते, कपाळाला लावते आणि शेजारच्या मुलाला देते. घरच्या पूजेला तांदळाच्या रव्याचा शिरा करते. होळीला पुरण वाटीत घेऊन वर तूप.

दूध सध्या पचत नसेल तर घाबरू नकोस. दुधातली साखर पचवणारा रस त्याच झिजलेल्या रसांकुरांच्या टोकांवर तयार होतो. काही महिन्यांनी दूध बहुतेक सोसायला लागतं. टीटीजी सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी कर. लोह, बी-१२, डी, थायरॉइड आणि हाडांची घनता यांबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचार. माझं हिमोग्लोबिन १२ वर यायला घरघंटीनंतर चौदा महिने लागले. मोठ्या वयात आतड्याचं अस्तर पूर्ण भरून यायला दोन-तीन वर्षंही जातात, त्यामुळे तीन आठवड्यांत बरं वाटलं नाही म्हणून पथ्य सोडू नकोस.

आणि जाता जाता तू लिहिलंस की धाकटीचं पोट अधूनमधून दुखतं आणि ती वर्गात सगळ्यांत बुटकी आहे. आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात हा आजार इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. दोन्ही मुलांची टीटीजी या महिन्यातच करून घे, तुझ्या भावंडांनाही सांग. पण तपासणी होईपर्यंत मुलांच्या पोळ्या बंद करू नकोस. गहू थांबवला की रक्तातल्या खुणा पुसल्या जातात आणि मग खरं निदान हाती लागत नाही. निकाल आला की मला लिही, धाकटीच्या डब्याचं आपण बसून ठरवू.