गुण आधी की गाणं?

प्रश्न: मी इंग्रजी इंडी रॉक ऐकतो. नवा अल्बम आला की आधी ‘पिचफोर्क’ या संगीत-परीक्षणाच्या वेबसाइटवर त्याला किती गुण पडलेत ते बघतो. सातच्या खाली असेल तर ऐकतच नाही. मित्र म्हणतो, तुला स्वतःची आवडच नाही. खरं आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: मित्र जरा जास्तच बोलला. आवड कुणाचीच आकाशातून पडत नाही. पुण्यात माझं कॅसेटचं दुकान होतं तेव्हा दुपारी मी जे लावायचो, तेच संध्याकाळी खपायचं. पण समोरच्या गिऱ्हाइकाचं तोंड मला दिसायचं. कुणाला वसंतराव द्यायचे आणि कुणाला बप्पी लाहिरी, हे त्यावरून कळायचं. वेबसाइटला तुम्ही दिसत नाही.

तिथले गुण ०.० ते १०.०, दशांशासकट. हा दशांश मोठा लबाड. ७.८ आणि ८.१ मधला फरक कुणाच्या कानाला कळणार? पण आकडा असा भासतो, जणू सोनाराच्या काट्यावर तोललाय.

आता २००४ सालच्या दोन गोष्टी ऐका. आर्केड फायर या नवख्या बँडच्या ‘फ्युनरल’ला ९.७ मिळाले आणि मर्ज या छोट्या कंपनीकडच्या प्रती भराभर संपल्या. त्याच वर्षी गायक ट्रॅव्हिस मॉरिसनच्या अल्बमला ०.० मिळाला. त्याच्या आधीच्या बँडला याच साइटनं डोक्यावर घेतलं होतं, बरं का! शून्य पडल्यावर कॉलेजांच्या रेडिओ केंद्रांनी अंग काढून घेतलं, एका दुकानानं तर अल्बम ठेवायलाच नकार दिला. लोकांनी ऐकून नापसंत केला असता तर गोष्ट वेगळी. अनेकांपर्यंत तो पोचलाच नाही. माझा आक्षेप आहे तो इथे. परीक्षण तुमची आवड बिघडवत नाही, ते तुमच्या कानापर्यंत काय येणार ते ठरवतं. सातची अट घालून तुम्ही तेच काम स्वतःवर करताय.

सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांचा २००६ सालचा एक प्रयोग आहे. ४८ अनोळखी गाणी, सुमारे १४ हजार ऐकणारे. काहींना नुसती गाणी दिली. बाकीच्यांचे आठ वेगळे गट केले आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी डाउनलोड केलं, ते त्यांना दाखवलं. समीक्षकाचे गुण नव्हेत, नुसती गर्दी. तर एका गटात डोक्यावर घेतलेलं गाणं दुसऱ्यात मागे पडलं. अगदी उत्तम सहसा बुडलं नाही, अगदी टाकाऊ सहसा तरलं नाही. मधल्यांचं मात्र काहीही झालं. आणि मधलीच तर जास्त असतात.

शिवाय हे गुण बदलतातही. गायिका लिझ फेअरच्या २००३ सालच्या अल्बमला शून्य दिलं होतं. २०२१ मध्ये पिचफोर्कनं काही जुने अल्बम पुन्हा तपासले, तेव्हा त्याचे ६.० झाले. म्हणजे तुमच्या हिशेबात अजूनही नापासच!

परीक्षणं सोडू नका; चांगलं परीक्षण गाण्यातली ऐकायची जागा दाखवतं. फक्त ते अल्बम दोनदा ऐकून झाल्यावर उघडा, आणि साइटपेक्षा लिहिणाऱ्याचं नाव लक्षात ठेवा. माझा असा एक ठरलेला परीक्षक आहे. त्याला जे आवडतं ते मला हमखास कंटाळवाणं वाटतं, म्हणून त्यानं कशाला नावं ठेवली की मी ते त्याच संध्याकाळी लावतो.